आवाज कुणाचा मोठा ते सोडा, खरं कोण बोलतंय ते सांगा

निवडणुकीचे दिवस होते. सास्तूरला एका टपरीवर दोन पक्षांची पोरं भिडली होती. विषय होता आरोग्य योजनेचा. एक म्हणत होता, "पाच लाखांचं कार्ड आमच्या सरकारनं दिलं." दुसरा म्हणत होता, "खोटारड्यांनो, योजना आमची, नाव तेवढं तुम्ही बदललं." थोड्या वेळात योजना बाजूला राहिली आणि एकमेकांचे बाप निघाले. गर्दी जमली, मोबाइल वर झाले. तेवढ्यात एक म्हातारी कार्ड हातात धरून पुढं आली. म्हणाली, "लेकरांनो, भांडण मागून करा. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या या कार्डावर मिळतेत का, तेवढं सांगा."

दोघांनाही सांगता आलं नाही.

त्या पोरांत एक आपला होता. निळा झेंडा गाडीवर लावणारा, पण त्या निवडणुकीत एका मोठ्या पक्षाचं काम करणारा. म्हणून हा लेख लिहितो आहे. आरोग्याच्या प्रश्नावर आपल्याकडं दोनच तक्रारी ऐकू येतात. एक, "राजकारणाची भाषा फार खालावली." दुसरी, "सगळे सारखेच खोटे." दोन्ही तक्रारी आळशी आहेत. भाषा आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोड बोलून खोटं सांगता येतं आणि कडक बोलून खरंही सांगता येतं. या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या, हे बाबासाहेबांच्या आणि त्यांच्या पक्षाच्या विधिमंडळातल्या कामातून शिकता येतं. तो इतिहास आपल्याला नीट माहीत नाही, आणि जेवढा माहीत आहे तेवढा आपण फुगवून सांगतो. त्यावरही पुढं बोलायचं आहे.

आधी जरा बाहेर बघू. ९ सप्टेंबर २००९. अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा संसदेच्या संयुक्त सभेत आरोग्य विमा सुधारणेवर बोलत होते. बेकायदा आलेल्या स्थलांतरितांना या सुधारणेचा लाभ मिळणार नाही, असं ते म्हणाले. त्यावर साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन सदस्य जो विल्सन बसल्या जागेवरून ओरडले, "तुम्ही खोटं बोलताय!" मोठा गदारोळ झाला. विल्सननी अध्यक्षांची माफी मागितली. सहा दिवसांनी सभागृहानं २४० विरुद्ध १७९ मतांनी नापसंतीचा ठराव केला. पण त्याच काही दिवसांत विल्सन यांच्या प्रचारनिधीत दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमा झाली. त्यांच्या विरोधी उमेदवारालाही तितकाच पैसा मिळाला. असभ्यपणाचा बाजार असा दोन्ही बाजूंना चालतो.

आता सत्याकडं या. ज्या वाक्यावर विल्सन ओरडले ते वाक्य बरोबर होतं. २०१० मध्ये जो कायदा झाला त्यात बेकायदा स्थलांतरितांना सरकारी मदतीचा विमा मिळाला नाही. म्हणजे ओरडणारा असभ्यही होता आणि चुकीचाही होता. त्याच वर्षी "म्हाताऱ्यांना जगवायचं की नाही हे सरकारी समिती ठरवणार" अशी अफवा तिथं पसरवली गेली. सत्यशोधन करणाऱ्या पोलिटिफॅक्ट या संस्थेनं तिला त्या वर्षातलं सर्वात मोठं खोटं ठरवलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. चार वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच संस्थेनं वर्षातलं सर्वात मोठं खोटं म्हणून ओबामांचंच वाक्य निवडलं. "तुम्हाला तुमचा विमा आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील," हे त्यांचं आश्वासन होतं. प्रत्यक्षात लाखो लोकांना विमा रद्द झाल्याच्या नोटिसा आल्या. हे वाक्य अत्यंत सभ्य भाषेत, हसतमुखानं, अनेक वेळा सांगितलेलं होतं. सुधारणा चांगली होती. कोट्यवधी लोकांना तिनं विमा दिला. पण चांगल्या कामासाठी बोललेलं खोटंसुद्धा शेवटी त्याच कामाच्या मुळावर येतं. विरोधकांना पुढची कित्येक वर्षं ते वाक्य पुरलं.

आता आपल्या घरात या. २८ जुलै १९२८. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा चालू होती. गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर काही आठवडे विश्रांती मिळावी आणि त्या काळात तिच्या हातात पैसे पडावेत, एवढीच मागणी होती. ही मागणी आज कुणालाही साधी वाटेल. पण १९२४ मध्ये ना. म. जोशींनी केंद्रीय कायदेमंडळात असंच विधेयक आणलं होतं आणि ते फेटाळलं गेलं होतं. मुंबईत आर. एस. आसवले यांनी हे विधेयक मांडलं. वादाचं मूळ एकच होतं. खर्च कुणी करायचा?

बाबासाहेब तेव्हा विधिमंडळाचे नियुक्त सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. तो कसा दिला हे बघा. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी आधी सांगितलं. म्हणजे प्रश्न मालकाच्या दयेतून काढला आणि राष्ट्राच्या हिताशी जोडला. मग खर्चाच्या मुद्द्यावर त्यांनी विरोधकांचं जे खरं होतं ते सरळ मान्य केलं. हा बोजा मोठ्या प्रमाणात सरकारनंच उचलायला हवा, कारण लोककल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी आहे, हे त्यांनी कबूल केलं. आणि तिथंच मालकाची सुटकेची वाटही बंद केली. मालक बाईला कामावर ठेवतो ते तिच्यावर उपकार म्हणून नाही. त्यात त्याचा फायदा असतो म्हणून ठेवतो. ज्याला फायदा हवा त्यानं जबाबदारीतला वाटाही घ्यावा.

मित्रांनो, ही युक्ती नव्हती. ही वाद घालण्याची प्रामाणिक पद्धत होती. समोरच्याच्या म्हणण्यात जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करायचं आणि उरलेलं मोडून काढायचं. असं केलं की समोरच्याला "तुम्ही आमचा मुद्दाच ऐकला नाही" म्हणायला जागा राहत नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला.

वादाची दुसरी कहाणी जास्त कडू आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. त्यांच्या विरोधकांनी फार कमी वेळा हे विचारलं की कर्वे सांगतात ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे का. त्यांनी एकच शब्द वापरला: अश्लील. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक आरोग्याच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर खटला झाला. त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

इथं थांबून विचार करा. त्या काळी असभ्य कोण ठरलं? रोगाबद्दल, शरीराबद्दल खरं लिहिणारा माणूस असभ्य ठरला. बायका बाळंतपणात मरत होत्या, त्यावर गप्प बसणारा समाज सभ्य ठरला. "भाषा नीट ठेवा" हा हुकूम आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला आहे. पाणी मागितलं तरी आवाज खाली ठेवून मागा, हे ज्यांना सांगितलं गेलं त्यांना सभ्यतेचा हा डाव लगेच कळतो. म्हणून कुणी आपल्या भाषेवर बोट ठेवलं, की आधी विचारायचं: आम्ही म्हणतो ते खरं की खोटं? भाषेवर नंतर बोलू.

१० नोव्हेंबर १९३८. मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला. सरकारनं संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि लोकांना त्यासाठी पुरेशा सोयी द्याव्यात, असा तो ठराव होता. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. त्या दिवशी त्यांना हजर राहता आलं नाही, म्हणून ते रोहम यांनी मांडलं. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला कुणी पुरुष तयार झाला नसता, अशा अर्थाचा मुद्दा त्यात होता. सभागृहातल्या पुरुषांना हे ऐकायला गोड वाटलं असेल का? कडकच होतं. पण त्यात शिवी कुणालाच नव्हती. बाईचं आरोग्य, घरातलं दारिद्र्य, मुलांची आबाळ असे मुद्दे एकामागून एक मांडलेले होते.

तारीख पुन्हा बघा. तीनच दिवस आधी, ७ नोव्हेंबरला, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा संप झाला होता. त्या संपात बाबासाहेब आघाडीवर होते. काँग्रेसचं खेर मंत्रिमंडळ आणि स्वतंत्र मजूर पक्ष यांच्यातली कटुता शिगेला पोचली होती. अशा वेळी हा ठराव आला. बाजूनं ११ मतं पडली, विरोधात ५२. ठराव पडला.

आता आपल्या लेखांत इथं एक सोपं वाक्य येतं: "काँग्रेसनं द्वेषापोटी ठराव पाडला." मी ते लिहिणार नाही. पक्षीय कटुता होती, हे नोंदलेलं सत्य आहे. पण गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता, संयमावर त्यांचा भर होता, आणि ते त्यांचं उघड मत होतं. कित्येक सदस्य खरोखर तसंच मानत असतील. त्यांचं मत चुकीचं होतं असं मी म्हणतो. पण चुकीचं मत असणारा प्रत्येक माणूस खोटारडा नसतो. हा फरक ज्याला करता येत नाही, त्याला वाद घालता येत नाही. त्याला फक्त भांडता येतं.

या ठरावाची पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ठरावात प्रचार आणि सोय हे दोन शब्द होते. सक्ती नव्हती. अडतीस वर्षांनी, आणीबाणीत, देशानं सक्ती पाहिली. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या धाराशिवच्या शेजारच्या बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये माणसं धरून आणून नसबंदी केल्याची प्रकरणं नोंदली गेली. महाराष्ट्र विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. या मोहिमेत धरले गेले ते बहुतेक गरीब, दलित, मुसलमान आणि ज्याला ओळखपाळख नाही असे लोक.

त्या काळात या विषयावर असभ्य वाद किती झाला? जवळपास शून्य. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. विरोधक तुरुंगात होते. सगळं शिस्तीत, सगळं शांत. वरून आकडा यायचा, खालून आकडा पुरा व्हायचा, आणि कागदावर प्रत्येक माणूस "स्वखुशीनं" आलेला असायचा. आरोग्याच्या प्रश्नावर महाराष्ट्रात झालेल्या चर्चांपैकी सर्वात शांत चर्चा ही होती आणि सर्वात क्रूरही हीच होती. म्हणून "राजकारणात सभ्यता आली पाहिजे" एवढीच मागणी करणाऱ्यांना मी सांगतो, बाबांनो, सभ्यता स्मशानातही असते. मागायचं असेल तर खरं बोलण्याचं आणि खरं विचारण्याचं स्वातंत्र्य मागा.

आता सास्तूरच्या टपरीवर परत येऊ. योजनेबद्दल दोन्ही पोरं अर्धं खरं बोलत होती. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. दोन्हींची सांगड घातली गेली. २०२३ मध्ये राज्यानं सगळ्या कुटुंबांसाठी पाच लाखांपर्यंतचं संरक्षण जाहीर केलं. म्हणजे योजना कुणा एका पक्षाची नाही. तुमच्या आमच्या कराच्या पैशातून ती चालते.

पण म्हातारीला हा इतिहास नको होता. तिला गोळ्या हव्या होत्या. तिला सांगायला हवं होतं ते असं: पाच लाख ही मर्यादा आहे, ते पैसे कुणाच्या खात्यात येत नाहीत. ठरवून दिलेल्या आजारांवर, ठरवून दिलेल्या दवाखान्यात दाखल झाल्यावर हे कार्ड चालतं. रोजच्या बीपीच्या गोळ्यांसाठी ते कामाचं नाही. त्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे घ्यायचे नाहीत असा निर्णय आहे. तिथं गोळ्या संपल्या असतील तर त्यासाठी मोर्चा काढायचा.

एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. पण यात घोषणा नाही, म्हणून दोन्ही पक्षांना ते नको असतं.

सास्तूरकरांना हे मी सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दवाखाना किती अंतरावर आहे, रस्ता आहे का, रक्त मिळेल का, या प्रश्नांची किंमत या मातीनं त्या दिवशी मोजली. भूकंपानंतर इथं स्पर्श रुग्णालय उभं राहिलं. दवाखाना कसा उभा राहतो आणि कसा चालतो, हे इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा गावातल्या पोरांनी आरोग्यावर खोटं बोलावं, हे शोभत नाही.

आणि १९२८ चा हिशेब अजून मिटलेला नाही. तो कायदा कारखान्यातल्या बाईसाठी होता. शेतात राबणारी बाई त्यात नव्हती. आज मराठवाड्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं तर मुकादम खाडा लावतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड. पाळी आली, दिवस गेले, ताप आला, सगळं सारखंच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कित्येकींना "कॅन्सर होईल" ही भीती घातली गेली होती. ही भीती घालताना कुणी शिवी दिली नसेल. पांढऱ्या कोटात, "ताई" म्हणून, अगदी सभ्य भाषेत सांगितलं असेल.

आईची विश्रांती हे राष्ट्राचं हित आहे, हे बाबासाहेबांनी सांगून शंभर वर्षं होत आली. फडातल्या बाईपर्यंत ते पोचलेलं नाही. हा आपला खरा विषय आहे. टपरीवर यावर भांडण झालं असतं तर मी आनंदानं आवाज वाढवला असता.

शेवटी आपल्याबद्दल. दर १४ एप्रिलला मोबाइलवर संदेश फिरतो: "देशातल्या बायकांना बाळंतपणाची रजा एकट्या बाबासाहेबांनी दिली." भावना खरी आहे, वाक्य खरं नाही. १९२४ चं विधेयक ना. म. जोशींचं होतं. मुंबईचं विधेयक आसवल्यांनी मांडलं. बाबासाहेबांनी त्याला ताकद दिली, पुढं मजूर मंत्री असताना १९४३ मध्ये खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभ कायद्याची दुरुस्ती मांडली. देशभराचा प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. हे जसंच्या तसं सांगितलं तर बाबासाहेब लहान होतात का? उलट, दुसऱ्यानं आणलेल्या चांगल्या विधेयकामागं पक्ष न बघता उभा राहणारा नेता दिसतो. आपण फुगवून सांगतो तेव्हा विरोधकाला एक खिळा सापडतो. तो तेवढा उपटतो आणि मग आपलं खरंही कुणी ऐकत नाही. ओबामांचं जे झालं तेच.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं असं. आरोग्यावर बोलायला उभं राहण्याआधी शासन निर्णय वाचा. योजनेत काय बसतं आणि काय बसत नाही, दोन्ही सांगा. विरोधकाच्या बोलण्यात जेवढं खरं असेल तेवढं आधी मान्य करा. कडक बोला, पण माणसाला हिणवू नका. आपल्याला जन्मावरून हिणवलं गेलं, ते हत्यार आपल्या हातात शोभत नाही. आणि आपल्या बाजूचा माणूस खोटं बोलला तर त्याला सगळ्यांसमोर थांबवा. बुद्धानं दिलेल्या पंचशीलात खोटं न बोलण्याचं शील आहे. दर रविवारी विहारात ते म्हणायचं आणि सोमवारी मोबाइलवर मोडायचं, हे चालणार नाही.

ती म्हातारी पुन्हा कधी टपरीवर येईल. तेव्हा आपल्यातल्या एकाला तरी उत्तर देता आलं पाहिजे.

जय भीम!